स्टॉपलगत घर पाहिजे

पुण्यात घर बघायला निघालं, की एजंटचा पहिला प्रश्न माणसं किती हा नसतो. गाड्या किती, हा असतो. माणसांची चौकशी तो नंतर करतो, तीही पाण्याच्या टाकीचा अंदाज यावा म्हणून. आम्ही "एकही नाही" म्हटलं, की तो समजूतदार हसतो. "म्हणजे टू-व्हीलर." टू-व्हीलरही नाही म्हटल्यावर मोबाइलमधून मान वर काढून आधी नवऱ्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि आवाज उतरवून विचारतो, "काही प्रॉब्लेम आहे का, मॅडम?"

प्रॉब्लेम काही नाही. आम्हा दोघांकडेही लायसन्स आहे. विमानतळावर आणि पोस्टात दाखवायला त्याच्यासारखं दुसरं कागदपत्र नाही, आणि वापरात नसल्यामुळे ते अजून कोरं करकरीत आहे. गाडीपुरते पैसेही अगदीच नाहीत असं नाही. आम्हाला गाडी चालवायचा कंटाळा आहे. पण कंटाळा हे कारण आपल्याकडे फक्त स्वयंपाकाच्या आणि अभ्यासाच्या बाबतीत मान्य होतं. पर्यावरणासाठी गाडी घेत नाही म्हटलं तर आदर मिळतो. डोळ्यांमुळे चालवत नाही म्हटलं तर सहानुभूती मिळते. म्हणून नवरा हल्ली पर्यावरण सांगतो आणि मी डोळे सांगते. एका एजंटला आम्ही पाठोपाठ दोन्ही कारणं सांगितली, तेव्हा गाडी बँकेनं ओढून नेली असणार अशी त्याची खात्री पटली आणि डिपॉझिट दुप्पट झालं.

मी मूळची डोंबिवलीची. आमच्याकडे पत्ता स्टेशनपासून सुरू होतो. आधी पूर्व की पश्चिम, मग चालत किती मिनिटं, आणि इमारतीचं नाव सगळ्यात शेवटी, पोस्टमनपुरतं. 'चालत आठ मिनिटं' आणि 'रिक्षानं आठ मिनिटं' या दोन घरांच्या भावात किती फरक असायला हवा, हे तिसरीतलं पोरही सांगेल. माझ्या वडिलांनी घर घेताना खोल्यांची मापं घेतली नव्हती. स्टेशनच्या पुलापासून दारापर्यंत ऑफिसचे बूट घालून, हातात डबा धरून चालून पाहिलं होतं. आमच्या शेजारच्या काकांनी आणखी लांबचं, ऐसपैस घर नाकारलं ते डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलसाठी. कर्जत-कसाऱ्याकडून येणारी गाडी भरून येते. इथून सुटणारीत निदान बसायची आशा असते. "घरात पाय पसरायला जागा नसली तरी चालेल," ते म्हणायचे, "गाडीत टेकायला पाहिजे." दिवसातला जागेपणीचा मोठा हिस्सा ते गाडीतच काढत असल्यामुळे हिशेब चोख होता.

नवऱ्याच्या नोकरीनं आम्ही पुण्यात आलो आणि माझं सगळं गणित निकामी झालं. इथं अंतर मिनिटांत सांगत नाहीत. 'जवळच आहे' असं सांगतात. छापील पत्रकांत मिनिटं असतात, पण ती कुणाची मिनिटं आहेत हे कळत नाही. 'स्वारगेट १५ मिनिटं' हे वाचून मी विचारलं, "कशानं?" एजंट म्हणाला, "म्हणजे ट्रॅफिक नसताना." ट्रॅफिक कधी नसतो, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही ताणून धरलं नाही. पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या इथल्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी २०१८ सालीच छापून आली होती. म्हणजे सरासरी काढली तर आमच्याही वाट्याला दोनाहून अधिक वाहनं येतात. ती सध्या कोण चालवतंय याचा तपास लागलेला नाही.

इथल्या भिंतींवरच्या, फाटकांवरच्या प्रसिद्ध पाट्यासुद्धा बहुतेक वाहनमालकांना उद्देशून आहेत. गेटसमोर लावू नका, हवा सोडण्यात येईल, हे सांगून समजत नसेल तर वगैरे. त्या वाचताना दुसऱ्याचं पत्र फोडून वाचल्यासारखं होतं.

बायपासच्या कडेच्या एका फ्लॅटचं मुख्य भूषण 'हायवे टच' हे होतं. एजंटनं आम्हाला हौसेनं गॅलरीत नेलं आणि बोट दाखवलं. "ते बघा. तुम्हाला बस पाहिजे होती ना? समोरच स्टॉप."

खरंच समोर होता. त्याच्या आणि आमच्या मधे मुंबई-बेंगळुरू महामार्ग होता, एवढंच.

"पलीकडे जायचं कसं?"

"सोप्पंय. गाडी पुढं न्यायची, अंडरपासमधून यू-टर्न घ्यायचा, की आलाच."

"आणि चालत?"

महामार्ग आजच कुणीतरी आणून टाकलाय अशा नजरेनं त्यानं खाली पाहिलं. "चालत कोण जातं, मॅडम?"

तो हे म्हणत असतानाच एक बाई डोक्यावर गाठोडं आणि हाताला पोर घेऊन दुभाजकावर चढली, थांबली, दोन ट्रेलर जाऊ दिले आणि पलीकडे उतरली. आम्ही तिघांनीही ते पाहिलं. एजंटनं मग किचनमधल्या ग्रॅनाइटचा विषय काढला.

याच रस्त्यावर चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडला, तेव्हा पुणेकर दूरचित्रवाणीसमोर जागत बसले होते. पुढच्या वर्षी ऑगस्टात तिथं पूल, उपरस्ते आणि वळणं यांचं भव्य जाळं खुलं झालं. मग माणसं बसमधून उतरली, त्या जाळ्याकडे बघत उभी राहिली, आणि पायी जाणाऱ्यांसाठीही एक पूल हवा अशी मागणी सुरू झाली. हा क्रम मला नेहमी आवडतो. आधी रस्ता पूर्ण करायचा, मग तो ओलांडायचा विचार करायचा.

पूर्वेकडची घरं आम्ही झटपट आटोपली, कारण तिकडचं सगळं 'येणार' होतं. वाघोलीच्या बाजूला एजंटच्या तोंडी भाव वर्तमानकाळात असतो आणि मेट्रो भविष्यकाळात. तो खोटं बोलत नाही. रामवाडीपासून पुढं वाघोलीकडे आणि वनाजपासून चांदणी चौकाकडे मेट्रो वाढवायला केंद्रानं जून २०२५ मध्ये मंजुरी दिलेली आहे. पण मंजुरीत बसून डेक्कनला जाता येत नाही. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि पहिली गाडी धावली ६ मार्च २०२२ ला, वनाज ते गरवारे कॉलेज, आणि तिकडे पिंपरी ते फुगेवाडी. मधल्या काळात कर्वे रस्त्याच्या लोकांनी जे सोसलं ते सोसलं. सिव्हिल कोर्टापासून स्वारगेटला जायचं तर २९ सप्टेंबर २०२४ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा माझा नियम असा, की ज्या स्टॉपवर आज कुणी उभं आहे, त्याच स्टॉपजवळचं घर बघायचं. नुसता खांब उभा असेल तर नाही.

"पण तेव्हा भाव वाढलेला असेल," नवरा म्हणाला.

"असू दे. तेव्हा आपणही म्हातारे झालेले असू."

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मलाही आपण नक्की काय जिंकलो ते कळलं नाही.

पायी चालणाऱ्याचं खरं माहेर म्हणजे पेठा. सदाशिव पेठेत उभं राहिलं की दूध, दळण, दवाखाना, वाचनालय, मंगल कार्यालय आणि भांडण हे सगळं चप्पल न बदलता मिळतं. सेझरे मार्केट्टी नावाच्या एका इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ साली असं मांडलं, की माणूस कुठल्याही काळात रोज साधारण तासभरच जाण्यायेण्याला देतो. वाहन वेगवान झालं की तो वेळ वाचवत नाही, घर लांब नेतो. पुण्यात हे डोळ्यांनी दिसतं. पायी चालणाऱ्यांच्या पेठा, सायकली आल्यावर नदीपलीकडचं डेक्कन, स्कूटर आल्यावर कोथरूड, मोटार आल्यावर बावधन आणि उंड्री. तासभर मात्र कायम. आता तो दीडचा झालाय, पण मार्केट्टीनं संध्याकाळी सातचा कर्वे रस्ता पाहिला नसणार.

पेठेतले घरमालक काका पंच्याहत्तरीच्या पुढचे, ताठ. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही.

"गाडी?"

"नाही."

"स्कूटर?"

"नाही."

"अगं," त्यांनी आत हाक मारली, "चहा ठेव."

अख्ख्या पुण्यात आमचं गाडी नसणं ही पात्रता ठरलेली ही एकच जागा. आम्ही खुर्चीच्या कडेवर बसलो. काकांनी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही. चहाचा दुसरा घोट घेऊन थोडा विचार केला आणि म्हणाले, "तुमच्याकडे येणाऱ्यांकडे असेल ना पण?"

नवरा प्रामाणिक आहे. "मेव्हण्याकडे आहे," तो म्हणाला.

"अस्सं. मग त्यांना म्हणावं, सम तारखेला यायचं." पुण्यात ज्या रस्त्यांवर एका तारखेला या बाजूला आणि दुसऱ्या तारखेला त्या बाजूला गाडी लावतात, त्यातला तो एक रस्ता. सम तारखेला काकांच्या समोरची बाजू असायची. "विषमला ते माझ्या खिडकीखाली लावणार. मला चालायचं नाही. आणि एकतीस तारखेनंतर एक येते. लागोपाठ दोन विषम. त्या दोन दिवसांत कुणाचं लग्नकार्य काढू नका."

आम्ही जवळजवळ हो म्हणणार होतो. गणपतीत बाकीचं पुणं गाड्या घेऊन अडकून पडतं तेव्हा आपण चालत सुटू, विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालली तरी आपलं काही अडणार नाही, अशी स्वप्नंही पडायला लागली होती. पण जागा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी दुसऱ्या मजल्यावरच निकाल दिला. त्या पायरीवर बसून म्हणाल्या, "मी इथंच राहते. तुम्ही वर राहा."

नातेवाइकांचा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. तो घर बघता बघता समोर आला. वाहन नसलेल्याच्या नातेवाइकांचे दोन प्रकार असतात, थेट बसचे आणि बदलून जायचे. धायरीची आतेसासू थेट बसची. तिच्याकडे सत्यनारायण, हळदीकुंकू, भोंडला, झालंच तर नुसतं बघून यायला. उंड्रीचा सख्खा मावसभाऊ बदलून जायचा. त्याच्या मुलीच्या बारशाला गेलो होतो, त्यानंतर एकदम तिच्या दहावीच्या पेढ्यांना. मधे ती उंच झाली. नवं घर घेताना आपण यांतले कोण थेट करतो आणि कोणाला कायमचं बदलून टाकतो, हे ठरवणं फार नाजूक असतं. एका घराच्या बाबतीत माझ्या माहेरची सगळी माणसं दोन बसवर आणि नवऱ्याची सगळी एका बसवर येत होती. त्या घराला ऊन येत नव्हतं, असं आम्ही ठरवलं.

ज्यांच्याकडे थेट बस नाही, ते प्रेमानं म्हणतात, "अहो, या की. जाताना मी सोडतो." या 'सोडतो'चा अर्थ वाहन नसलेल्यालाच कळतो. सोडणाऱ्याला निघायचं असतं तेव्हा आपल्या पानावर नुकताच मसालेभात पडलेला असतो. सोडणाऱ्याला अजून गप्पा मारायच्या असतात तेव्हा आपण पर्स खांद्याला लावून हसत उभे असतो. शिवाय गाडीत बसल्यावर आपण गाडी का घेतली पाहिजे यावर व्याख्यान, आणि ते ऐकून घ्यावं लागतं, कारण आपण त्यांच्याच गाडीत असतो. बसमध्ये निदान कुणी बसची बाजू घेत नाही.

या सगळ्या वणवणीत मला एक गोष्ट कळली, आणि तिचं श्रेय महामार्ग ओलांडणाऱ्या त्या बाईला आहे. बड्यातल्या बड्या सोसायटीत गाडीवाचून माणसं रोज येतात. फक्त ती तिथं राहत नाहीत. सकाळी सातपासून धुण्याभांड्याच्या, स्वयंपाकाच्या, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायका फाटकातून आत येत असतात, आणि संध्याकाळी बाहेर पडत असतात. कुठली बस कुठं थांबते, कुठल्या गल्लीत दिवा नाही, पावसात गुडघाभर पाणी कुठं साचतं, यातलं एजंटला ओ की ठो माहीत नसतं. त्याची गाडी बेसमेंटमध्ये असते. तेव्हापासून आम्ही फ्लॅट बघायच्या आधी संध्याकाळी वॉचमनच्या केबिनपाशी जाऊन उभे राहायला लागलो. वॉचमनला आधी आमचा संशय यायचा. मग तोही सामील व्हायचा, कारण तोही बसनंच येत असतो.

सूस रस्त्याकडच्या एका मावशींना मी विचारलं, "इथून डेक्कनला बस आहे का हो?"

"हाय की."

"कधी येते?"

"ते तिचं तिला ठावं."

त्या घराचा सोळाव्या मजल्यावरून दिसणारा सूर्यास्त आम्ही बघितलाच नाही.

दुसऱ्या ठिकाणी मी शेडकडे निघाले, तर मावशींनी मागून हाक मारली. "ताई, शेडमधी नका उभं ऱ्हाऊ. शेडपाशी बस थांबत नाय."

"मग कुठं थांबते?"

"त्या वडापाववाल्यापाशी."

"आणि वडापाववाल्याची सुट्टी असेल तेव्हा?"

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आदरानं पाहिलं. "तवा धावायचं."

रात्री सातनंतर काय, हा माझा ठरलेला प्रश्न असायचा. "सातनंतर टमटम. पन पुढं डायवरच्या बाजूला बसू नका." पर्स कुठल्या हातात धरायची हेही त्या मावशींनी सांगितलं. वर, कुठल्याही सोसायटीच्या पत्रकात न मिळणारी एक माहिती दिली: "हितल्या बायकांना आपल्या सोसायटीपास्नं स्टॉप किती लांब हाय ते म्हाईत नसतं. मला उशीर झाला की म्हनत्यात, इतकं तर जवळ हाय. गाडीतनं जवळच दिसतं वो."

वनाजजवळच्या एका जुन्या इमारतीखाली भेटलेल्या मावशींनी मात्र पिशवीची गाठ मारता मारता घर पास करून टाकलं. "हितं बरंय. मेट्रोपतुर लाइट हाय. कोपऱ्यावरची पोळीभाजीवाली धापतुर असती, म्हंजी रस्ता जागता ऱ्हातो." जेन जेकब्ज या अमेरिकन बाईंनी १९६१ साली नगररचनेवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. चांगल्या रस्त्यावर सतत कुणाची ना कुणाची नजर असते, हे त्यातलं एक मुख्य म्हणणं. त्यावर जगभर प्रबंध झाले. मावशींनी तेच पोळीभाजीसकट सांगितलं आणि पुढं विचारलं, "पन ताई, गाडी नाय तर एवढे पैसे कशापायी घालताय? आमच्या वस्तीत या की. स्टॉप दारात हाय."

रिक्षाची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. ती रात्री आठनंतर घ्यायची, आणि त्या घराच्या दारात नव्हे, शहराच्या मध्यभागी. पुण्यात पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ हा दर सप्टेंबर २०२२ मध्ये ठरला. दर कागदावर असतो, मर्जी नसते. आम्ही डेक्कनच्या कोपऱ्यावर उभं राहून, ज्या ज्या भागात घर बघितलं होतं त्या त्या भागाचं नाव उच्चारून बघायचो. काही नावांवर रिक्षावाला बोलतसुद्धा नाही, फक्त हनुवटी अर्धा इंच उचलतो आणि निघून जातो. काही नावांवर "तिकडनं रिटर्न नाही मिळत" म्हणतो. आणि काही थोडी नावं अशी असतात, की तो काही न बोलता मीटर टाकतो. बँक घराचं मूल्यांकन करायला माणूस पाठवते आणि फी घेते. खरं तर त्या माणसानं डेक्कनला येऊन उभं राहावं. 'पौड रोड, वनाज' म्हटल्यावर मीटर पडला. नवऱ्यानं मला कोपरानं ढोसलं. आता बसून जावं लागणार होतं, आम्ही बसलो.

तेच घर घेतलं. वनाज हे मेट्रोचं पहिलं स्टेशन, म्हणजे गाडी रिकामी लागते आणि बसायला मिळतं. माझे वडील आज असते तर त्यांनी बाथरूमची गळती बघितलीच नसती, थेट सही केली असती. दहा रुपयांपासून पस्तीस रुपयांपर्यंतच्या तिकिटात शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येतं, आणि सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची तर जमिनीखाली तेहेतीस मीटर उतरावं लागतं, त्यामुळे व्यायामही त्यातच आला. बसचा डेपोही फार लांब नाही. त्या बसला पीएमपीएमएल म्हणायचं असं २००७ साली ठरलं, पण माझ्या शेजारणी अजून पीएमटीनंच जातात.

राहिला प्रश्न घर ते स्टेशन या चालण्याचा. फूटपाथ आहे. त्यावर विजेची पेटी आहे, कुंडी आहे, कुंडीला टेकवलेली सायकल आहे, आणि मागून हॉर्न आहे. फूटपाथवर मागून हॉर्न वाजला की डोंबिवलीचा माणूस दचकून वळून बघतो. पुण्याचा माणूस वळत नाही, नुसता एका बाजूला सरकतो. मी सरकायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, झालीस तू पुणेकर. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा करायची प्रथा पुण्यात २०२१ पासून पडली आहे. त्या दिवशी आम्ही मुद्दाम गेलो. रस्त्याच्या मधोमध चालायला मिळूनही सगळे कडेनं चालत होते.

आता पार्किंगचं. घराबरोबर एक झाकलेलं पार्किंग आलं. आम्ही विकणाऱ्याला म्हटलं, ते नको, तेवढे पैसे कमी करा. एजंट म्हणाला, "मॅडम, पार्किंग नको असं नसतं." बिल्डरला तळमजल्यावरची स्टिल्टमधली किंवा उघडी पार्किंगची जागा वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच मुंबईतल्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलेलं आहे. मी हे त्याला ऐकवलं. "बरोबर आहे ना," तो आनंदानं म्हणाला, "वेगळी विकता येत नाही. म्हणून बरोबर घ्यावी लागते." नियमानं इमारत बांधताना ठराविक गाड्यांची जागा सोडावीच लागते. गिरणी पाहिजे अशी सक्ती नाही, वाचनालय पाहिजे अशी नाही. मेहुणा गाडी घेऊन येतो, त्याची मात्र सोय.

अशा रीतीनं आमच्या घरातल्या खोल्यांपेक्षा हवेशीर, दिवसभर दिवा असलेली, पिवळ्या पट्ट्यांत आखलेली एक जागा आमच्या मालकीची झाली. आणि तीन गाड्या असलेले समोरचे गृहस्थ एकदम सोज्ज्वळ झाले. दारात भेटले की पिशवी धरू का विचारायचे. होळीला पुरणपोळ्या आल्या, संक्रांतीला तिळाच्या वड्या, आणि मग एकदा फार भीत भीत, "वहिनी, तुमची ती खालची जागा रिकामीच असते, नाही?" हे सेक्रेटरींच्या कानावर गेलं. एका सभासदाची जागा दुसऱ्यानं वापरायची नाही, असा ठराव असल्याचं त्यांनी कळवलं. पुरणपोळ्या थांबल्या. जागा रिकामी राहिली. येणारा जाणारा तिच्याकडे बघून हळहळायचा. आम्हाला मूल नाही याची जेवढी चर्चा झाली नसेल, तेवढी गाडी नाही याची झाली.

दिवाळीची सुट्टी लागली आणि इमारतीतली पोरं वर आली. "काकू, तुमच्या पार्किंगमध्ये किल्ला करू?" आमच्या आवारात माती शिल्लक नाही, सगळीकडे फरशी, आणि फरशीवर गाड्या. किल्ल्याला अख्ख्या इमारतीत ती एकच जागा होती. मी हो म्हटलं. दोन दिवसांत विटा, गोणपाट आणि कुठून तरी लाल माती आली, आणि अंगाला माती माखलेल्या पोरांनी लिफ्ट लाल केली. बुरूज उठले. मोहरी आणि अळीव पेरून झाले. तिसऱ्या दिवशी दारात सोसायटीची नोटीस: पार्किंगच्या जागेत वाहनाव्यतिरिक्त अन्य बांधकाम करता येणार नाही. नवऱ्यानं रात्री बसून खुलासा लिहिला, की सदर बांधकाम तात्पुरतं असून ऐतिहासिक स्वरूपाचं आहे.

सेक्रेटरी स्वतः पाहणीला आले. हात मागे बांधून त्यांनी किल्ल्याला पूर्ण प्रदक्षिणा घातली. मग खाली वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "चोरदरवाजा चुकलाय. तो या अंगाला पाहिजे." त्यानंतर ते तासभर तिथंच होते. समोरचे गृहस्थही तिसरी गाडी बाहेर रस्त्यावर लावून आले आणि तटबंदीला हात लावायला लागले.

अळीव चांगले उगवले. सिंहासनावर महाराज बसले, खाली मावळे उभे राहिले, विहिरीत निळा कागद, पायथ्याशी बैलगाडी. आणि महादरवाजाच्या अगदी तोंडाशी एक लाल खेळण्यातली मोटार.

"अरे," मी त्यातल्या धाकट्याला म्हटलं, "महाराजांच्या काळात मोटार होती का?"

"महाराजांची नाहीये, काकू," तो म्हणाला. "पाहुण्यांची आहे."

नवऱ्यानं वाकून बघितलं आणि सेक्रेटरींना विचारलं, "आज तारीख सम आहे का विषम?"